बंदुकीचा टेकू

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रविवारी सकाळी युनियनच्या खोलीवर बुवापाड्यातला एक जवान कामगार वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेले काहीतरी घेऊन आला. पुडके सोडले तर हातभर लांबीच्या काळ्या नळ्यांची जुडी. त्याने एक हिसका दिला मात्र, आतली रबरी दोरी ताणली जाऊन नळ्या टपटप एकीत एक बसल्या आणि छातीइतक्या उंचीच्या दोन काठ्या उभ्या राहिल्या. डोक्याशी जोडलेल्या, वर एक बेचके. तो म्हणाला, "भाऊ, वर्ष झालं हा माल काढतोय. मुकादम म्हणतो तंबूचा आहे. पण तंबूला हे बेचकं कशाला?"

आम्हांलाही सांगता येईना. आमचे शिक्षण रात्रशाळा आणि नगरवाचनालय एवढेच. पण प्रश्न रास्त होता. माणूस आठ तास जी वस्तू घडवतो ती कशासाठी आहे हे त्याला ठाऊक असू नये, ही आम्हांला त्याच्या पगारपत्रकापेक्षा कमी गंभीर गोष्ट वाटली नाही. म्हणून शोध घेतला. आज या व्यासपीठावर इतिहास सांगायचा आहे तो त्याच शोधाचा.

ती वस्तू तंबूची नव्हे, बंदुकीची निघाली. युरोपात हरणाच्या मागावर पायी जाणारा शिकारी ही काठी बरोबर नेतो. सांबरासारख्या मोठ्या जनावराला दुरून गोळी घालायची तर हात थरथरून चालत नाही. जखमी होऊन पळालेले जनावर दिवसदिवस झुडपात तडफडते. डोंगरउतारावर शिकारी पालथा पडून नेम धरतो. पण दाट रानात, उंच गवतात पडले की काही दिसत नाही. तेथे उभ्याने बंदूक टेकवायला काहीतरी हवे. पूर्वी लोक दोन लाकडी काठ्या वरच्या टोकाशी चामड्याच्या वादीने बांधून कात्रीसारख्या उघडीत. आता त्यांच्या जागी घडीच्या काठ्या आल्या आहेत.

ती निवडायची कशी, यातही विचार आहे. एका पायाची काठी हलकी आणि झटकन उभी होणारी, पण नळी डावीउजवीकडे झुलते. दोन पायांची असली की बाजूचे झुलणे थांबते, पुढेमागे डुलणे तेवढे उरते. तीन पायांची सर्वांत स्थिर. पण ती मांडीपर्यंत हरीण पसार होते! आपल्याकडे तिकाटणे म्हटले की स्मशानाच्या वाटेवरचे मडके आठवते, तरी तत्त्व तेच आहे: तीन पाय कसल्याही जमिनीवर डगमगत नाहीत. लाकूड वाजत नाही, पण त्याची घडी होत नाही. अ‍ॅल्युमिनियम हलके आणि स्वस्त, मात्र दगडावर आपटले की खणकन आवाज होतो आणि हरणाचे कान तर प्रसिद्धच. म्हणून खाली रबराची टोपी आणि बेचक्याला मऊ अस्तर. उंची अशी की ताठ उभे राहिल्यावर बेचके खांद्याच्या रेषेत यावे. बुटक्या काठीवर वाकून नेम धरणाऱ्याची पाठच आधी थरथरते. आणि सगळ्यांत नाजूक जागा म्हणजे नळीत नळी बसते तो सांधा. तो केसभर सैल राहिला तर बाकीची सारी कारागिरी फुकट. हा सांधा आमच्या बुवापाड्यातल्या पोराच्या हातचा होता.

टेकूचा इतिहास बंदुकीइतकाच जुना आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपातला बंदूकवाला शिपाई एका हातात बेचक्याची काठी घेऊनच चाले, कारण ती जड बंदूक नुसत्या हातावर पेलून नेम धरणे अवघड. 1607 साली हॉलंडात याकोब द गेइन याने कवायतीचे सचित्र पुस्तक काढले, त्यात ही काठी केव्हा कोणत्या हातात धरावी याचीही चित्रे आहेत. पुढे बंदुका हलक्या झाल्या आणि लष्करातून बेचके गेले. तिबेटात तर बंदुकीलाच दोन शिंगांचे पाय जोडीत.

हिंदुस्थानात मात्र आणखी एक सोय होती. मुघल काळातली शिकारीची काही चित्रे पाहा. बादशहा किंवा शहजादा लांब नळीची तोड्याची बंदूक रोखून आहे आणि ती नळी टेकली आहे पुढे बसलेल्या सेवकाच्या खांद्यावर. माणूस हाच टेकू! जहांगीर आपल्या आत्मचरित्रात शिकारीचा हिशेब देतो: बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत स्वतःच्या हातांनी मारलेली जनावरे आणि पाखरे 17,167. आकडा एकापर्यंत बिनचूक आहे. खांदे किती लागले याची नोंद मात्र कोणत्याही दप्तरदाराने ठेवलेली नाही.

आपल्या मुलखात हरणाच्या मागावर जाण्याची विद्या खरी कोणाची, तर पारध्यांची. त्यांना ना बंदूक होती ना टेकू. शिकवलेल्या बैलाच्या आडून ते चरणाऱ्या कळपाकडे सरकत, कारण काळवीट माणसाला भिते, बैलाला भीत नाही. फासे मांडीत म्हणून फासेपारधी. कोल्हापूरच्या चित्त्यांच्या शिकारीतही हेच मर्म होते: चित्त्याला बैलगाडीतून नेत, गाडी पाहून काळवीट बुजत नसे, आणि जवळ गेल्यावर चित्त्याच्या डोळ्यांवरची टोपी काढीत.

ही विद्या असलेल्या माणसांचे सरकारने काय केले? 1871 साली जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवणारा कायदा केला आणि पुढे पारध्यांनाही त्यात ओढले. 1878 साली दोन कायदे आले. हत्यारांच्या कायद्याने हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना लागू लागला, गोऱ्याला त्यातून सूट. आणि जंगलाच्या कायद्याने रान सरकारचे झाले. जोतीरावांनी 1883 च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगलखात्यावर कोरडे ओढले आहेत ते उगाच नव्हेत. म्हणजे रान साहेबाचे, बंदूक साहेबाची, आणि रान उठवायला हाकेकरी मात्र गावचा. अनेक संस्थानांत हा हाका वेठीनेच होई. वाघ किंवा डुक्कर उलटले तर आधी तो सापडे, मचाणावरचा नव्हे.

शाहू छत्रपती स्वतः मोठे शिकारी, हे आम्ही लपवीत नाही. पण त्याच राजाने 1918 साली महार, मांग, रामोशी, बेरड यांच्यावरची हजेरी बंद केली, आणि फासेपारध्यांना चोर न म्हणता कामाला लावले, वस्ती करून दिली. शिकारीचा नाद पुष्कळ राजांना होता. त्या नादात भेटलेल्या माणसाला माणूस म्हणून ओळखणारे फार थोडे. देशभराचा तो गुन्हेगारीचा कायदा रद्द व्हायला 31 ऑगस्ट 1952 उजाडावे लागले. पारध्याच्या पालावर पहाटे पोलीस येणे मात्र त्या तारखेने थांबले नाही.

वेठ मोडण्याचे काम आपल्याच जिल्ह्यात झाले, तेव्हा ते सांगितल्याखेरीज पुढे जाववत नाही. 1945 च्या जानेवारीत टिटवाळ्याला, म्हणजे येथून हाकेच्या अंतरावर, किसान सभेची परिषद भरली. तिकडे डहाणू-उंबरगावकडचे काही वारली आले होते. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यात गेले, मे महिन्यात झरीला सभा झाली आणि वारल्यांनी वेठ करायचे नाकारले. 11 ऑक्टोबरला तलवाड्यास जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. जेठ्या गांगड धरून पाच जण मेले. 'जेव्हा माणूस जागा होतो' ज्यांनी वाचले नसेल त्यांनी ते वाचनालयातून अवश्य न्यावे.

आणि हरणांपायी माणसे उठवण्याची गोष्ट काही आपल्याच देशातली नाही. स्कॉटलंडात एकोणिसाव्या शतकात डोंगराळ भागातली कुळे आधी मेंढ्यांसाठी, मग श्रीमंतांच्या हरणशिकारीसाठी जमिनीवरून हटवली गेली. 1887 च्या नोव्हेंबरात लुईस बेटावरच्या भुकेल्या शेतकऱ्यांनी पार्क नावाच्या शिकाररानात उघडपणे घुसून हरणे मारली आणि खाल्ली. पुढाऱ्यांवर एडिंबरोत दंग्याचा खटला झाला. 1888 च्या जानेवारीत पंचांनी त्यांना निर्दोष सोडले. आमच्या काठ्या ज्या देशांत विकल्या जातात त्यांतच हाही देश येतो. आता तेथे लांडगे उरलेले नाहीत, हरणे वाढून झाडोरा खातात, म्हणून ती मारावी लागतात, असे तिकडचे वनवाले सांगतात, आणि त्यात तथ्य आहे.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला लगाम घातला आणि 1991 च्या दुरुस्तीने परवान्याची वाटही जवळजवळ बुजवली. ते योग्यच झाले. चित्ता आपण 1952 पर्यंत गमावलाच होता, आणि 2022 साली आठ चित्ते नामिबियाहून कुनोत आणावे लागले. तेव्हा ज्या काठीचा येथे शिकारीला उपयोग करणे गुन्हा, ती येथे घडते आणि पेटीत बसून परदेशी जाते.

त्या पोराला आम्ही हे सगळे दोन बैठकांत सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणून सांध्याला एवढी तपासणी." पुढच्या पावसाळ्यात नळीचे तोंड आवळणाऱ्या प्रेसमध्ये त्याच्या शेजारच्या गड्याच्या दोन बोटांची पेरे गेली. प्रेसला आड नव्हती. मालकाने प्रथम तो आमचा कामगारच नव्हे असे सांगितले. कंत्राटदाराने तो त्या दिवशी रजेवर होता असे सांगितले. भरपाईचा कायदा 1923 चा होता, शंभर वर्षांचा झालेला, तरी हजेरीचे पान मिळवायला आम्हांला चार महिने लागले. सांध्यातली केसभर फट परदेशच्या गिऱ्हाइकाला चालत नव्हती म्हणून तपासनीस होता. प्रेसवर लक्ष ठेवायला कोणी नव्हते. दावा अजून चालू आहे, तेव्हा अधिक बोलत नाही.

ती नमुन्याची काठी अजून आमच्या खोलीच्या कोपऱ्यात आहे. फाटकासमोर सभा असली की आम्ही ती उघडून उभी करतो आणि बेचक्यात फलकाचा दांडा टेकवतो. वारा असला तरी हलत नाही.