डेटाबेस : बॅकअप व पुनःस्थापन (अध्ययन)

डेटाबेस म्हणजे परस्परसंबद्ध नोंदींचे संगणकातील दप्तर; ते यंत्राच्या बिघाडाने, माणसाच्या चुकीने, आगीने, पुराने वा परक्याच्या घाल्याने नष्ट झाले असता पूर्वस्थितीत आणता यावे, म्हणून त्याची नक्कल आगाऊ काढून निराळ्या जागी राखणे यास ‘बॅकअप’ आणि त्या नकलेवरून दप्तर पुन्हा उभे करणे यास ‘रिस्टोर’ किंवा पुनःस्थापन म्हणतात. शिकणाऱ्याचा ओढा स्वभावतःच पहिल्याकडे असतो, कारण ते काम सोपे, निरुपद्रवी आणि रोज रात्री आपोआप होणारे आहे. वस्तुतः विद्या दुसऱ्यात आहे, आणि जी नक्कल एकदाही उभी करून पाहिलेली नाही तिला बॅकअप म्हणू नये, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

या विद्येची मूलतत्त्वे डेटाबेस जन्मण्यापूर्वीच जेथे प्रत्यक्ष आचरली गेली, अशा स्थळांत लंडनच्या वायव्येस, हॅरो परगण्यातील स्टॅनमोरची गणना करावी लागेल. तेथील बेंटली प्रायरी या वाड्यात १९३६ साली ब्रिटिश हवाई दलाच्या फायटर कमांडचे मुख्यालय आले. किनाऱ्यावरील रडार केंद्रांकडून टेलिफोनने येणाऱ्या, पुष्कळदा परस्परविसंगत अशा वार्ता तेथील ‘फिल्टर रूम’मध्ये एका मोठ्या नकाशावर मांडून, पडताळून, एकच निर्णीत चित्र तयार केले जाई, आणि तेच चित्र त्याच क्षणी तारांवरून अक्सब्रिजसारख्या ठिकाणच्या गटकेंद्रांत व त्यांच्याखालील विभागीय विमानतळांवर पोहोचून तेथल्या मेजांवरही सोंगट्यांनी मांडले जाई. एकाच माहितीच्या अशा चालत्या प्रती ठेवण्यास आज ‘रेप्लिकेशन’ म्हणतात. १८ ऑगस्ट १९४० रोजी अशाच एका विभागीय विमानतळावर, केनली येथे, बाँबहल्ला होऊन तेथील दळणवळण तुटले, तेव्हा विभागाचे नियंत्रण जवळच्या कॅटरहॅम गावातील एका खाटकाच्या दुकानात थाटलेल्या राखीव कक्षातून चालवण्यात आले. एक जागा पडली असता दुसरीने काम उचलावे, ही तजवीज ती हीच. पुढे जर्मनांचे ‘एनिग्मा’ संदेश उलगडण्यास साहाय्य करणारी ‘बॉम्ब’ नावाची यंत्रे ब्लेचली पार्क या संकेतभेदन केंद्राच्या एकाच आवारात ठेवली तर एका हल्ल्यात सर्वस्व जाईल, या धास्तीने ती जागोजाग विखुरण्यात आली, आणि स्टॅनमोर व ईस्टकोट ही त्यांची दोन मोठी ठाणी झाली. नौदलाच्या महिला पथकातील तरुणी तेथे पाळीपाळीने अहोरात्र ती चालवीत. नक्कल अस्सलाच्या छपराखाली ठेवू नये, हा नियम आजच्या पुस्तकांत एका ओळीत सांगितलेला असतो. त्या ओळीमागचे भय स्टॅनमोरच्या इतिहासात दिसते.

पुनःस्थापनाचे अंतरंग मराठी वाचकास परके वाटू नये. पेढीवर व्यवहार घडला की तो आधी रोजकीर्दीत तारीखवार चढतो आणि मग खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर जातो. खतावणीचे पान फाटले तरी कीर्द शाबूत असेल तर ते पुन्हा लिहिता येते. डेटाबेसमध्येही मूळ तक्त्यांतील फेरफार डिस्कवर उतरण्यापूर्वी तो ‘लॉग’मध्ये, म्हणजे डेटाबेसच्या कीर्दीत, कायम झाला पाहिजे, असा दंडक आहे. वीज जाऊन यंत्र मध्येच बंद पडले असता काय करावे, याची सर्वांत प्रभावी पद्धती सी. मोहन या भारतात जन्मलेल्या संशोधकाने आयबीएममधील सहकाऱ्यांसह १९९२ साली ‘एरीज’ या नावाने मांडली : लॉग वाचून कोठवर काय झाले होते हे ठरवावे, मग नोंदलेले सर्व काही, अपुरे व्यवहारसुद्धा, पुन्हा घडवावे, आणि शेवटी जे अपुरे राहिले तेवढेच उलटवावे. अपुरे कामही आधी पुन्हा करायचे आणि मग पुसायचे, हे प्रथमदर्शनी उफराटे भासते; परंतु त्यामुळे दप्तर अपघाताच्या क्षणी जसे होते तंतोतंत तसे उभे राहते आणि त्यानंतरचे उलटवणे निर्धोक होते.

नकलांचे प्रकार थोडक्यात असे : संपूर्ण, शेवटच्या संपूर्ण नकलेनंतर बदललेले सर्व तेवढे घेणारी, आणि शेवटच्या कोणत्याही नकलेनंतरचेच घेणारी. यांपैकी काय निवडावे हे दोन प्रश्नांवर अवलंबून असते. किती काळाच्या नोंदी गमावणे सोसेल, आणि काम किती वेळ बंद राहिलेले चालेल? हे प्रश्न तांत्रिक नसून कारभाराचे आहेत. त्यांची उत्तरे अधिकाऱ्यांकडून लेखी घ्यावीत.

रेप्लिकेशन म्हणजे बॅकअप नव्हे, हे नवशिक्यास वारंवार बजावावे लागते, कारण चुकीने दिलेला ‘डिलीट’चा हुकूम दुसऱ्या प्रतीवरही निमिषार्धात बजावला जातो. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत रात्री उशिरा काम करणाऱ्या एका अभियंत्याच्या हातून भलत्याच यंत्रावरील डेटाबेस पुसला गेला. सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचार उरले. रोजची नक्कल काढणारे साधन सर्व्हरच्या आवृत्तीशी जुळत नसल्याने कित्येक दिवस निमूट अपयशी ठरत होते, आणि सहा तासांपूर्वी निराळ्याच कामासाठी घेतलेल्या एका प्रतीने लाज राखली. कंपनीने हे सारे मोकळेपणाने प्रसिद्ध केले. अभ्यासकांवर तिचे हे उपकारच आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर, जेथे मराठी हस्तलिखितांचाही मोलाचा संग्रह आहे, खंडणीखोरांचा सायबरहल्ला झाला. अंकीय संग्रहाच्या सुरक्षित प्रती शाबूत होत्या. परंतु त्या उभ्या करण्याजोगी यंत्रणाच उरली नव्हती, आणि मुख्य ग्रंथसूची केवळ पाहण्यापुरती परत येण्यास १५ जानेवारी २०२४ उजाडला. केनलीच्या अधिकाऱ्यांपाशी निदान ते दुकान होते.

शिकण्याचा खरा मार्ग म्हणून हातानेच नुकसान करून पाहावे. घरच्या संगणकावर पोस्टग्रेससारखा विनामूल्य डेटाबेस बसवावा, त्यात एखाद्या मंडळाच्या सभासदांचा काल्पनिक तक्ता भरावा, लॉग साठवण्याची व्यवस्था चालू करून रविवारी संपूर्ण नक्कल घ्यावी आणि बुधवारपर्यंत नोंदी वाढवत न्याव्यात. मग बुधवारी १० वाजून ४२ मिनिटांनी ‘डिलीट’चा हुकूम ‘व्हेअर’ची अट न घालता द्यावा : तक्ता रिकामा होतो, आणि हे सारे मुद्दाम केलेले असूनही पोटात गोळा येतो. त्यानंतर रविवारची नक्कल दुसऱ्याच यंत्रावर उभी करावी, साठवलेले लॉग तिच्यावर १० वाजून ४१ मिनिटांपर्यंतच चालवावेत, आणि मंगळवारी शेवटी घातलेला सभासद आपल्या नावगावासह परतला की नाही ते पाहावे. एकूण किती वेळ लागला तो वहीत टिपून कृती पायरीपायरीने लिहून काढावी, आणि पुढच्या महिन्यात ती वही, ज्याने हे काम पूर्वी कधी केलेले नाही अशाच्या हाती देऊन, आपण शेजारी बसूनही न बोलता, त्याच्याकडून तेच करवून घ्यावे.