मुधोळच्या दोन वंशावळी

जुन्नरजवळ शिवनेरीवर १६३० सालीं शिवाजी महाराजांचा जन्म झाला. ज्या भोसले कुळांत ते जन्मले त्याच्याशीं आपलें मूळ एकच, असें सांगणारें घोरपड्यांचें घराणें दूर घटप्रभेच्या तीरीं मुधोळास नांदत होतें. भाऊबंदकींत मात्र त्यांनीं कांहीं उणें ठेविलें नाहीं. १६४८ त जिंजीजवळ शहाजीराजांना कैद करण्यांत बाजी घोरपडे पुढें होता. १६६४ त महाराजांनीं मुधोळवर चालून जाऊन त्याचा सूड घेतला व बाजी मारला गेला.

याच घराण्यांतील राजे मालोजीराव १८८४ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या अमदानींत जन्मले व १९०० सालीं गादीवर आले. नऊ तोफांच्या सलामीचें हें लहानसें संस्थान. सार्वभौम सरकारची मर्जी सांभाळून आपला मान राखणें, हेंच तेथलें बहुतेक राजकारण. अशा ठिकाणीं वंशावळीला फार मोल येतें. दप्तरांतील फारसी फर्मानांच्या आधारें दत्तात्रेय विष्णु आपटे यांनीं लिहिलेला घोरपडे घराण्याचा इतिहास १९३४ सालीं प्रसिद्ध झाला. कांहीं फर्मानांच्या अस्सलपणाबद्दल पंडितांनीं शंका घेतली. तो वाद पुष्कळ चालला.

मालोजीरावांनीं जपलेली दुसरी वंशावळ कुत्र्यांची. निमुळतें डोकें, खोल छाती, आंत गेलेलें पोट, लांब पाय. वासापेक्षां नजरेवर विसंबून सशाच्या मागें सुटणारें हें जनावर. विलायतेंत १८७३ सालीं केनेल क्लब निघाल्यापासून कुत्र्यांच्या पिढ्या वहींत नोंदण्याचें वेड उमरावांना लागलें होतें. मुधोळच्या राजांनीं गांवचें कुत्रें पारखून त्याची वीण शुद्ध राखली, एक जोडी बादशहा पंचम जॉर्ज यांना नजर केली, आणि कुत्र्याला संस्थानचें नांव मिळालें.

पण हें कुत्रें मुळांत राजवाड्याचें नव्हे. बेडरांसारख्या शिकारी लोकांनीं तें पिढ्यान्‌पिढ्या पोसलें होतें, आणि त्यांच्या नोंदीची वही कोणी ठेविली नाहीं. याच संस्थानांतील हलगलीच्या बेडरांनीं १८५७ सालीं हत्यारें देण्याचें नाकारून बंड केलें. त्यांतल्या अनेकांना फांशीं देण्यांत आलें. ज्यांचीं हत्यारें काढून घेतलीं, त्यांच्याच दारचें कुत्रें पुढें बादशहाच्या भेटीस गेलें!

१९४८ सालीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. मुधोळ आज कर्नाटकांत आहे. २००५ सालीं भारतीय टपालखात्यानें या कुत्र्याचें तिकीट काढलें. वाड्याचा आश्रय संपला, पण आसपासच्या खेड्यांतील अनेक शेतकरी कुटुंबें अजूनही पिलें वाढवून विकतात.