शिकस्त, वतन आणि तारीख

परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता, त्या काळी सरकारी हायस्कुलात इतिहास उर्दूतून शिकवत. मुलाच्या घरी मराठी, शाळेच्या पुस्तकात उर्दू. या विषयाचे उर्दू नावच ‘तारीख’. मराठी पोराला तारीख म्हणजे महिन्याचा दिवस!

लिपी उजवीकडून डावीकडे, हे उघड संकट. पण मला खरी अडचण ओळखीच्या शब्दांची वाटते. फौज, किल्ला, मोहीम, तख्त, सनद हे सारे शब्द मराठीने फारसीतून कधीच आपलेसे केलेले. त्यामुळे धडा कळल्यासारखा वाटे आणि तिथेच घात होई. मराठीत आपण प्रयत्नांची ‘शिकस्त’ करतो; उर्दूत शिकस्त म्हणजे पराभव. आपले ‘वतन’ म्हणजे देशमुखी, पाटीलकी, पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क. उर्दूत वतन म्हणजे मायदेश. राष्ट्राचा इतिहास शिकताना नेमका हाच शब्द निसटावा, हे काही लहान नुकसान नव्हे.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले, तेव्हा इंग्रजीऐवजी देशी भाषेत उच्च शिक्षण देण्याचे धाडस हैदराबादने केले. पुस्तकांसाठी आदल्याच वर्षी भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडले. तत्त्व उत्तम होते. पण मराठी, तेलुगू, कानडी बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेला ही ‘देशी’ भाषाही परकीच. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईची योगेश्वरी, हैदराबादची विवेकवर्धिनी यांचे मोल या पार्श्वभूमीवर कळते.

आणि तरीही, निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी याच मुलखाचे. उर्दू-फारसीवरील प्रभुत्वाच्या बळावर त्यांनी मोगल दरबाराची बातमीपत्रे मराठीत आणली. ज्या भाषांनी इतरांची वाट अडवली, त्यांतूनच त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने काढली. अर्थात, एका पगडींमागे गप्प बसलेली किती मुले असतील, याची नोंद कोण ठेवणार?

17 सप्टेंबर 1948 नंतर चित्र पालटले. आज सेमी-इंग्रजीत गणित-विज्ञान इंग्रजीत गेले, इतिहास मराठीत उरला. पूर्ण इंग्रजी माध्यमात तोही गेला. या मुलांच्या शिक्षकांनी धड्याआधी दहा मिनिटे शब्दांना द्यावीत: वतन, चौथाई, तह. घरी आजोबांना विचारून या, म्हणावे. परभणीत अजून असे आजोबा आहेत, ज्यांच्या सातबाऱ्याच्या पुडक्यात एखादा उर्दू कागद सापडतो.