अडकलेला सिनेमा, सुटलेलं गाणं

आजची गोष्ट दिल्लीतल्या एका बँडची आहे. पण तिचा एक धागा मुंबईत आहे आणि दुसरा आपल्या नंदुरबारात.

१९९० मध्ये गिटारवादक सुस्मित सेन आणि तबला वाजवत गाणारे असीम चक्रवर्ती यांनी ‘इंडियन ओशन’ सुरू केला. पुढे राहुल राम आणि अमित किलम आले. रॉकची गिटार आणि शेजारी तबला! असली कॅसेट दुकानदाराने कोणत्या कप्प्यात ठेवायची? १९९३ मध्ये पहिला अल्बम आला, पण घरोघरी नाव व्हायला अजून वेळ होता.

राहुल राम अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट करून परतले आणि नर्मदा बचाओ आंदोलनात गेले. सरदार सरोवराच्या पाण्याने आपल्याकडच्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली, हे तुम्हाला ठाऊक असेलच. त्याच खोऱ्यातलं नर्मदेचं गाणं ‘मा रेवा’ म्हणून २००० च्या ‘कंदिसा’ अल्बममध्ये आलं. अल्बमचं शीर्षकगीत तर केरळच्या सीरियन ख्रिश्चनांची प्राचीन प्रार्थना. भाषा कळत नसतानाही लोक ते ऐकू लागले.

मग अनुराग कश्यप यांनी ‘ब्लॅक फ्रायडे’चं संगीत यांच्याकडे दिलं. विषय १२ मार्च १९९३ चे मुंबईतले बॉम्बस्फोट. २५७ माणसं गेली होती. खटल्याचा निकाल बाकी, म्हणून न्यायालयाने प्रदर्शन रोखलं. सिनेमा पडद्यावर आला ९ फेब्रुवारी २००७ ला. गाणी मात्र आधीच बाहेर पडली होती. पियूष मिश्रा यांनी लिहिलेलं ‘बंदे’ सिनेमा न पाहिलेल्यांच्या ओठांवर गेलं.

ना नाच, ना नायिका, ना प्रेम. तरी ते का चाललं? मला वाटतं, दंगली आणि स्फोट पाहिलेल्या लोकांना सूड नको होता, कुणीतरी खडसावून थांबवायला हवं होतं. आणि जनआंदोलनातून आलेल्या आवाजाला ते शोभलं.

२००९ च्या नाताळात असीमदा गेले. पुढच्या वर्षी बँडने नवा अल्बम इंटरनेटवर फुकट वाटला. नाव दिलं करोल बागेतल्या आपल्या तालमीच्या घराच्या पत्त्याचं: ‘१६/३३० खजूर रोड’.

गाणं गाजलं, तरी अल्बमला नाव त्यांनी या पत्त्याचंच दिलं. मला या गोष्टीत हेच मोठं वाटतं.