काळजी अंगात कशी उतरते?



हप्त्याची तारीख जवळ आली की पोटात गोळा येतो, असं आपल्या गटाच्या बैठकीत कितीतरी जणी बोलून दाखवतात. कुणाला जेवण जात नाही, कुणाची झोप उडते, कुणाची पाळी पुढे जाते. दवाखान्यात तपासणी होते, रिपोर्ट नीट येतात आणि ऐकायला मिळतं, "काही नाही, टेन्शन घेऊ नका." मग बाईला वाटतं, मी काय सोंग करते का?

सोंग नाही. काळजी मेंदूतून शरीरात उतरते आणि तिची वाट ठरलेली असते. ती वाट कशी सापडली, त्याचा इतिहास आज सांगते. मन आणि शरीर यांचा संबंध यंत्रानं मोजून पाहायचा, हे काम आपल्या लोणावळ्यातही शंभर वर्षांपूर्वी सुरू झालं होतं, म्हणून सुरुवात इथूनच करू.

जगन्नाथ गणेश गुणे हे स्वामी कुवलयानंदांचं मूळ नाव. त्यांचा जन्म १८८३ चा. खानदेशात अमळनेरला त्यांनी शिक्षणाचं काम केलं. योग शिकल्यावर त्यांना प्रश्न पडला, की या क्रियांनी शरीरात नेमकं होतं काय? त्यांनी बडोद्याच्या दवाखान्यात उड्डियान आणि नौली करणाऱ्यांचे एक्स-रे काढले, पोटातला दाब मोजला. मग ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं आणि प्रयोगांची माहिती छापायला 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढलं. पुढे अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे के. टी. बेहनन इथं येऊन शिकले. त्यांनी स्वतःच्या श्वासाची मोजमापं घेतली आणि १९३७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. गांधीजींना रक्तदाबाचा त्रास झाला तेव्हा, १९२७ मध्ये, त्यांनीही स्वामींचा सल्ला घेतला होता. स्वामींची शिस्त एकच: आधी मोजा, मग बोला.

पण मनातली काळजी रक्तापर्यंत पोचते कशी, हे तेव्हा जगात कुणालाच पुरतं ठाऊक नव्हतं.

१९३६ मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात हान्स सेल्ये यांनी उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. थंडी, जखम, विषारी औषध, अति श्रम. त्रास कोणताही दिला तरी उंदराच्या शरीरात तेच तीन बदल दिसत. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी फुगत, रोगाशी लढणारी छातीतली ग्रंथी आक्रसे आणि पोटात व्रण पडत. आज आपण सहज 'स्ट्रेस' म्हणतो, त्या शब्दाला हा अर्थ सेल्ये यांच्यामुळे आला.

आता प्रश्न असा, की ॲड्रिनल ग्रंथींना हुकूम देतं कोण? मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते, ती देते. आणि पिट्युटरीला? तिच्या वरच मेंदूचा हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग आहे. तिथून काहीतरी पाझरतं, हे १९५५ मध्ये दोन ठिकाणच्या प्रयोगांतून दिसलं. एका ठिकाणी रॉजर गिलमन होते, दुसरीकडे अँड्र्यू शॅली. हा पदार्थ इतका थोडा असतो की हाती लागेना. दोघांनी काही वर्षं एकत्र काम केलं, मग वेगळे झाले. एक मेंढ्यांचे मेंदू वापरी, दुसरा डुकरांचे. त्यांना मेंदूतली दुसरी संप्रेरकं सापडली, त्यासाठी १९७७ चं नोबेलही मिळालं; पण ज्याच्यासाठी निघाले होते ते सापडलंच नाही.

त्याच वर्षीच्या नोबेलचा अर्धा वाटा रोझलिन यॅलो या बाईंचा होता. रक्तातलं अगदी किंचित संप्रेरकसुद्धा मोजता येईल, अशी पद्धत त्यांनी सहकाऱ्याबरोबर शोधली होती. वैद्यकाचं नोबेल मिळवणाऱ्या त्या जगातल्या दुसऱ्या स्त्री.

शेवटी १९८१ मध्ये कॅलिफोर्नियात वायली व्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना यश आलं. त्या चौघांत कॅथरिन रिव्हिये ही शास्त्रज्ञ बाई होती. दिवाळीनंतर आपल्या भागातून कोकणात उतरणारे मेंढ्यांचे कळप तुम्ही पाहिले असतील. तसे शेकडो कळप डोळ्यांपुढे आणा. जवळपास पाच लाख मेंढ्यांच्या मेंदूंचे बारीक तुकडे गोळा करून हा पदार्थ वेगळा काढला. त्याचं नाव लांबलचक आहे, कॉर्टिकोट्रॉपिन रिलीजिंग हॉर्मोन. आपण सीआरएच म्हणू.

धोका दिसला, भीती वाटली की मेंदू सीआरएच सोडतो. त्यानं पिट्युटरी जागी होते, ती ॲड्रिनलला निरोप देते आणि तिथून कॉर्टिसॉल रक्तात येतं. रक्तातली साखर वाढते, म्हणजे पळायला, झगडायला ताकद मिळते. काम झालं की तेच कॉर्टिसॉल मेंदूला 'आता पुरे' म्हणून सांगतं. ही सोय जीव वाचवायलाच आहे. पण काळजी महिनोन् महिने संपली नाही तर 'पुरे' हे नीट ऐकू जात नाही. मग रक्तदाब, साखर, पोटावरची चरबी आणि झोप, सगळ्यावर परिणाम होऊ शकतो.

हे संप्रेरक शरीरात कुठं काम करणार, ते ग्राहींवर ठरतं. ग्राही म्हणजे पेशीवरची निरोप घेण्याची जागा. भाताच्या खाचरांचं बघा. पाट सगळ्यांच्या शेजारून वाहतो, पण ज्या बांधाला तोंड ठेवलंय त्याच खाचरात पाणी शिरतं. सीआरएचचे ग्राही दोन प्रकारचे. पहिला १९९३ मध्ये ओळखला गेला, दुसरा १९९५ च्या सुमारास. पहिला पिट्युटरीत आणि मेंदूच्या भीतीशी संबंधित भागांत असतो, आतड्यांतही असतो. त्याच्यामुळे मोठं आतडं घाई करतं; परीक्षेच्या दिवशी पोरांना सारखं परसाकडे का जावं लागतं, ते आता कळलं असेल. दुसरा हृदयात, रक्तवाहिन्यांत आणि पोटात आहे. त्याच्यामुळे जठर सावकाश रिकामं होतं, म्हणून काळजीत घास उतरत नाही. सीआरएच वाढलं की पाळी चालवणारे मेंदूतले निरोपही मंदावतात, म्हणून पाळी लांबते. गरोदरपणात वारसुद्धा सीआरएच तयार करते आणि दिवस भरत येतील तसं ते वाढतं. ते निसर्गाचंच काम, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

मग पहिल्या ग्राहीचं तोंड गोळीनं बुजवलं की उदासी जाईल, असं औषध कंपन्यांना वाटलं. अनेक औषधं तपासली, पण उदासी आणि चिंतेवर त्यांचा अपेक्षित गुण दिसला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत असं एक औषध मंजूर झालं, तेही ॲड्रिनल ग्रंथींच्या एका दुर्मीळ, जन्मजात आजारासाठी. काळजीवरची गोळी या वाटेनं आलेली नाही.

म्हणून आपल्या हातात काय आहे ते बघू. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीनं उपकेंद्रात बीपी आणि साखर तपासून घ्यावी, आशाताईंना विचारावं. पाळी लांबली तर नुसतं टेन्शन म्हणून सोडू नये, तपासणी करावी. सावकाश श्वास घेण्यानं अनेकांची नाडी आणि रक्तदाब थोडा खाली येतो. रोज दहा मिनिटं करा, पण डॉक्टरांच्या गोळ्या बंद करू नका. झोप लागेना, जीव नकोसा वाटू लागला तर १४४१६ या टेलि-मानसच्या फोनवर बोला. पैसे पडत नाहीत.

आणि एक काम गटाचं. संकटात जवळच्या माणसाचा आधार असेल तर कॉर्टिसॉल कमी वाढतं, असं बऱ्याच प्रयोगांत आढळलं आहे. एखादीचा हप्ता थकला तर सगळ्यांसमोर तिचं नाव पुकारण्याआधी दोघींनी तिच्या घरी जावं, अडचण विचारावी, मुदत वाढवता येते का ते बघावं. हिशोब चोख ठेवायचाच. पण आपला गट बाईच्या काळजीत भर घालतो की ती हलकी करतो, हे येत्या बैठकीत एकदा मोकळेपणानं बोला आणि ठरेल ते इतिवृत्तात लिहून ठेवा.