गुलाबी पायऱ्या आणि चिखलाखालचं गाव

"गीझर बघायला एवढे पैसे?" आईचा पहिला प्रश्न हा होता.

तिचंही बरोबर आहे. आपल्याकडे गीझर म्हणजे बाथरूममध्ये भिंतीला टांगलेला, दर दोन वर्षांनी कॉइल जाणारा. ईस्टरची चार दिवसांची सुट्टी होती, आई-बाबा महिनाभरासाठी ऑकलंडला आले होते, ताई आणि सात वर्षांची भाची चिऊ पण होती. एवढ्या सगळ्यांना एकत्र घेऊन जाण्यासारखं जवळचं ठिकाण म्हणजे रोटोरुआ. ऑकलंडपासून साधारण तीन तास. ऑफिसमधल्या सगळ्यांनी एकच सांगितलं, "लहान मुलं आहेत ना? मग रोटोरुआच!" मी पण इमानदारीत एक्सेल शीट केलं. वेळ, अंतर, तिकीट, शाकाहारी काय मिळेल वगैरे. (सवय. जात नाही.)

शीट भरताना एक गोष्ट लक्षात आली. चिऊसाठी जी जी ठिकाणं लिहिली होती, त्यातली निम्मी एकाच रात्रीमुळे तयार झालेली होती. १० जून १८८६. मग काय, शीट बाजूला राहिलं आणि मी वाचत बसलो. हा लेख त्याचाच परिणाम आहे.

आधी थोडा भूगोल, पटकन. रोटोरुआ हे गावाचं आणि तळ्याचंही नाव. माओरीत 'रोटो' म्हणजे तळं आणि 'रुआ' म्हणजे दोन, थोडक्यात 'दुसरं तळं'. सुमारे २ लाख ४० हजार वर्षांपूर्वी इथे प्रचंड उद्रेक झाला, खालचा शिलारस निघून गेला आणि वरची जमीन खचली. त्या खड्ड्यात पाणी साठलं. आजूबाजूला अशी बरीच तळी आहेत. बाबा मूळचे मेहकरचे, म्हणजे लोणार त्यांच्या घरचंच. त्यांनी लगेच तुलना सुरू केली. लोणारचं विवर १.८ किलोमीटर, उल्केनं झालेलं. इथलं साधारण २२ किलोमीटर, आणि खालून फुटलेलं. "म्हणजे वरून पडलं की छोटं, खालून फुटलं की मोठं," असा निष्कर्ष काढून ते मोकळे झाले. लोणारलासुद्धा एके काळी लोक ज्वालामुखीच समजायचे, हे मी सांगितलं, पण ते त्यांना माझ्या आधीपासून माहीत होतं. असो.

आता मुख्य गोष्ट. तारावेरा नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी रोटोमहाना, म्हणजे 'गरम तळं', नावाचं एक छोटं तळं होतं. त्याच्या काठावर दोन ठिकाणी गरम पाण्याचे झरे उतारावरून तळ्यात यायचे. त्या पाण्यात सिलिका विरघळलेली. पाणी गार होताना सिलिका खाली बसते. आपल्या बाथरूमच्या गीझरमध्ये पांढरा थर धरतो ना, साधारण त्या जातीचं काम, पण शेकडो वर्षं चाललेलं. त्यातून उतारावर पायऱ्यापायऱ्यांची कुंडं तयार झाली. एका बाजूला पांढरी, ते ताराता. दुसऱ्या बाजूला गुलाबी, ओतुकापुआरांगी. वरच्या कुंडात पाणी कढत, खाली येता येता अंघोळीच्या लायक. लोक गुलाबी पायऱ्यांवर डुंबायला जायचे.

१८७० मध्ये व्हिक्टोरिया राणीचा मुलगा प्रिन्स आल्फ्रेड इथे येऊन गेला आणि मग रांगच लागली. लंडनहून लोक यायचे! काही महिन्यांचा प्रवास, मग ऑकलंडहून बोटीनं तौरांगा, तिथून घोडागाडी, मग ते वाइरोआ नावाच्या गावात मुक्काम. तिथून होडीनं तारावेरा तळं पार करायचं, थोडं चालायचं, आणि शेवटी पायऱ्या. आपण तीन तासांच्या ड्राइव्हमध्ये दोनदा कॉफीला थांबतो.

ही जागा होती तूहोउरांगी लोकांची. आणि मला सगळ्यात आवडलेला भाग हा आहे की धंदा पण त्यांचाच होता. होडी त्यांची, गाईड त्यांचे, भाव त्यांनी ठरवलेला. चित्र काढायचं किंवा फोटो घ्यायचा तर वेगळे पैसे. गोऱ्या प्रवाशांनी याबद्दल भरपूर कुरकुर लिहून ठेवली आहे, 'लोभी' वगैरे. आता बघा, साहेब लोक स्वतःच्या देशात नाटकाचं तिकीट काढतात तेव्हा तो व्यवहार, आणि माओरींनी तिकीट लावलं की लोभ! शिवाय हेच साहेब गुलाबी पायऱ्यांवर पेन्सिलीनं स्वतःची नावं लिहून यायचे. सिलिकाचा थर त्यावर बसायचा आणि नाव कायमचं टिकायचं. आपल्या गडांवर बदाम कोरणाऱ्यांचे पूर्वज कोण, ते कळलं :-)

ते वाइरोआमध्ये पैसा आला. गावाच्या हिनेमिही नावाच्या सभागृहातल्या कोरीव मूर्तींना डोळ्यांच्या जागी शिंपला लावायची पद्धत होती. इथे सोन्याची नाणी लावली. हा थाट मला भारी वाटला. आमच्याकडे पैसे आहेत आणि ते आमचे आहेत, असं भिंतीवर लिहून ठेवल्यासारखं.

गाईड लोकांत सगळ्यात प्रसिद्ध सोफिया हिनेरांगी. वडील स्कॉटिश, आई माओरी, मिशनच्या शाळेत शिकलेली, इंग्रजी फर्डं. दोन लग्नं, डझनावर मुलं. ३१ मे १८८६ ला ती प्रवाशांना घेऊन निघाली, तर तळ्याच्या काठाशी ओहोळाचं पाणी अचानक आटलं, मग विचित्र आवाज करत परत चढलं. पुढे तळ्यात एक युद्धहोडी दिसली. तिथल्या कुणाच्याच ओळखीची नाही. होडीतल्या प्रवाशांनीही ती पाहिल्याचं सांगितलं. गावातला शंभरी ओलांडलेला तोहुंगा, म्हणजे मंत्रविद्या जाणणारा पुरोहित, तुहोतो अरिकी, त्यानं हा अपशकुन असल्याचं सांगितलं. होडीचं काय ते तुम्ही ठरवा. पाण्याच्या चढ-उताराचं मात्र मला आश्चर्य वाटत नाही, खाली काहीतरी हलत होतं हे उघड आहे.

दहा दिवसांनी, १० जूनच्या मध्यरात्रीनंतर भूकंपाचे धक्के सुरू झाले. दोनच्या सुमाराला तारावेराचा माथा फाटला. आणि मग भेग सरकत सरकत रोटोमहानाच्या तळाखाली गेली. इथे थोडं तांत्रिक. वर आलेला शिलारस बेसॉल्टचा होता, म्हणजे आपल्या सह्याद्रीचा काळा दगड ज्याचा बनला तोच. बेसॉल्ट पातळ असतो, एकटा असला तर बराच शहाण्यासारखा वाहतो. पण इथे तो गेला थेट गरम पाण्यानं भरलेल्या जमिनीत. तापलेल्या कढईत पाणी पडल्यावर काय होतं, ते तळ्याएवढ्या आकारात डोळ्यांसमोर आणा. साडेतीनच्या सुमाराला तळ्याचा तळच उडाला. एकूण भेग १७ किलोमीटर लांब. आवाज ऑकलंडपर्यंत ऐकू गेला, काहींना वाटलं समुद्रात तोफा चालल्यात.

सकाळी सहापर्यंत सगळं संपलं होतं. पायऱ्या नव्हत्या. डोंगराजवळची छोटी गावं गाडली गेली होती. ते वाइरोआवर चिखलाचा पाऊस पडला होता. मृतांचा आकडा साधारण १२० धरतात, जवळजवळ सगळे माओरी. गावच्या शाळेचे मास्तर आणि त्यांची तीन मुलंही गेली.

सोफियाचं घर मात्र उभं राहिलं. छपराचा उतार जास्त, लाकूड भक्कम. साठाहून जास्त माणसं त्या एका घरात वाचली. हिनेमिहीमध्येही लोक वाचले, छताला आतून बाकांचे टेकू देऊन.

हे सगळं आम्ही ऐकत-वाचत होतो 'बरीड व्हिलेज' नावाच्या ठिकाणी, म्हणजे ते वाइरोआच. उकरून काढलेली घरं, मधून जाणारी पायवाट, झाडी, शेवटी धबधबा. माहितीपत्रकात 'संपूर्ण कुटुंबासाठी'. खोटं नाही ते, चिऊ धबधब्यावर खूश होती. पण तुहोतोच्या घराचा खड्डा आला तेव्हा तिनं विचारलं, "मामा, इथले आजोबा कुठे गेले?"

आता काय सांगणार? ताईनं डोळ्यांनीच 'नको' म्हणून खुणावलं. खरी गोष्ट अशी, की तो म्हातारा चौथ्या दिवशी जिवंत सापडला. गावकऱ्यांना त्याला काढायचंच नव्हतं, कारण यानंच उद्रेक ओढवला असं त्यांना वाटत होतं. त्याला रोटोरुआच्या दवाखान्यात नेलं, तिथे त्याचे केस कापले असं सांगतात. तोहुंगाचे केस म्हणजे पवित्र. थोड्याच दिवसांत तो गेला. मी चिऊला एवढंच सांगितलं की आजोबा चार दिवसांनी जिवंत सापडले. ती म्हणाली, "चार दिवस काय खाल्लं?" बाबा म्हणाले, "खरं सांगायला हवं होतंस." परत येताना गाडीत यावरून आमचं दोघांचं थोडं वाजलंच. माझं म्हणणं सातव्या वर्षी अर्धी गोष्ट पुरते. बाबांचं म्हणणं, लोणारला लवणासुराची गोष्ट मला त्यांनी पाचव्या वर्षी सांगितली होती, रक्तासकट, आणि माझं काही वाकडं झालं नाही.

लवणासुरावरून आठवलं. तारावेराच्या पोटातही एक राक्षस आहे! तामा-ओ-होइ, माणसं खाणारा. नातोरोइरांगी नावाच्या पूर्वजानं त्याला डोंगरात पाय आपटून गाडून टाकलं, आणि तुहोतोनं त्यालाच मोकळं सोडलं अशी लोकांची समजूत. जमिनीखाली राहणारा, माणसांना छळणारा, आणि वरून कुणीतरी येऊन त्याचा बंदोबस्त करणारा. लोणारलाही विष्णू खाली उतरतो आणि लवणासुराचा बंदोबस्त करतो. बाबा या साम्यावर इतके खूश झाले की केस कापण्याचा वाद विसरले.

तूहोउरांगींचं पुढे काय झालं हे कमी सांगितलं जातं. जमीन गेली, माणसं गेली, आणि उत्पन्न देणाऱ्या पायऱ्या गेल्या. शेजारच्या नातेवाईक टोळीनं त्यांना फाकारेवारेवा इथे जागा दिली, सोफिया पण तिथे गेली आणि परत गाईडचं काम करू लागली. पण आता सरकार जागं झालं होतं. १९०१ मध्ये न्यूझीलंडनं जगातलं पहिलं सरकारी पर्यटन खातं काढलं. १९०८ मध्ये रोटोरुआत भव्य स्नानगृह बांधलं, जे पुढे संग्रहालय झालं आणि २०१६ मध्ये भूकंपाच्या धोक्यामुळे बंद पडलं. आम्ही बाहेरूनच पाहिलं. हिनेमिहीचं तर आणखीच. १८९२ मध्ये गव्हर्नर लॉर्ड ऑन्स्लोनं ५० पौंडांना विकत घेऊन ती इंग्लंडला नेली, सरेमधल्या आपल्या बागेत उभी केली. ज्या घरानं माणसं वाचवली ते बागेतली शोभा! २०१९ मध्ये नॅशनल ट्रस्टनं कोरीवकाम परत करायला तत्त्वतः मान्यता दिली. फाकारेवारेवाच्या कारंज्यांशेजारची कला-संस्था २०२० मध्ये कायद्यानं स्थानिक टोळ्यांकडे आली. १३४ वर्षं लागली म्हणायची.

दुसऱ्या दिवशी पोहुतू पाहिला. तीस मीटरपर्यंत उडतो. आई बघतच राहिली, पैशांबद्दल परत बोलली नाही. इथली एक गोष्ट आपल्या मराठवाड्यात सांगायला हवी. १९७०-८० च्या दशकांत गावात घरोघरी बोअर मारून गरम पाणी ओढायला लागले आणि कारंजी मंदावली. पापाकुरा नावाचं तर १९७९ मध्ये बंदच पडलं. सरकारनं १९८६-८७ मध्ये पोहुतूपासून दीड किलोमीटरच्या आतले सगळे बोअर बंद करायला लावले. लोक भयंकर चिडले. पापाकुरा परत उडालं २०१५ मध्ये. म्हणजे बोअर बंद केल्याचं पूर्ण फळ बघायला जवळजवळ तीस वर्षं.

संध्याकाळी फाकारेवारेवा गावात कढत कुंडात उकडलेलं मक्याचं कणीस खाल्लं. मीठ नाही, मसाला नाही. बाबांनी खिशातून तिखट-मिठाची पुडी काढली, पूर्वतयारी म्हणतात ती हीच. पुलावरून लोक नाणी टाकतात आणि गावातली पोरं ओढ्यात उडी मारून ती काढतात. नाशिकला रामकुंडावर पोरं करतात तसंच. मला थोडं अवघडल्यासारखं झालं, पण पोरं मजेत होती. चिऊलाही उडी मारायची होती.

शेवटच्या दिवशी वाइमांगूची दरी. १८८६ च्या आधी ही दरीच नव्हती. उतरत उतरत रोटोमहानापर्यंत चालायचं, मग तळ्यात बोट. उद्रेकानंतर खड्डा भरून तळं पूर्वीच्या कितीतरी पट मोठं झालं. २०११ मध्ये पाणबुड्या रोबोंनी तळाचे नकाशे केले, तेव्हा साधारण ६० मीटरवर गुलाबी पायऱ्यांचा भाग मिळाला असं जाहीर झालं. मग २०१७ मध्ये होखश्टेटर या शास्त्रज्ञाच्या १८५९ च्या मोजणीवरून काहींनी दावा केला की पायऱ्या पाण्यात नाहीत, काठाच्या जमिनीखाली आहेत. आधीच्या संशोधकांनी तो मान्य केला नाही. बोटवाल्यानं इंजिन बंद करून जागा दाखवली. हिरवट पाणी, काठावर वाफ, बाकी काही नाही. बाबांनी तिथे चिऊला आजोबांच्या केसांची गोष्ट सांगून टाकली. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग त्यांनी विचारलं का नाही आधी?"

ताई माझ्याकडे बघत होती. मी वाफेकडे.

तर कुणी जाणार असाल तर क्रम असा लावा: आधी ते वाइरोआ, मग फाकारेवारेवा, शेवटी वाइमांगू आणि बोट. कुइराउ पार्कात गरम पाण्यात पाय सोडून बसायला पैसे पडत नाहीत, तिथे आई तासभर हलली नाही. गंधकाच्या वासाची पहिल्या दिवशी सवय होते. चांदीचे दागिने घरी ठेवा, काळे पडतात. आणि कणसासाठी तिखट-मीठ न्यायला विसरू नका.