अंगठा आणि खटका : नाशिक, २१ डिसेंबर १९०९

१/ २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात देवलांच्या ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता. बदली झालेले कलेक्टर जॅक्सन यांच्या निरोपाचा तो समारंभ. ते आसनाकडे जात असताना अनंत लक्ष्मण कान्हेरे या अठराच्या आसपासच्या तरुणाने अगदी जवळून गोळ्या झाडल्या. जॅक्सन जागीच ठार झाले. या घटनेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. हा धागा मात्र त्या पिस्तुलाविषयी आणि ते धरणाऱ्या हाताविषयी आहे.

२/ पार्श्वभूमी थोडक्यात. ८ जून १९०९ रोजी बाबाराव सावरकरांना राजद्रोहाच्या आरोपाखाली जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यांचा खटला वरिष्ठ न्यायालयाकडे पाठवला होता जॅक्सन यांनीच. हे जॅक्सन संस्कृतचे जाणकार होते. लोक त्यांना ‘पंडित जॅक्सन’ म्हणत. अभिनव भारताच्या तरुणांना मात्र त्यांच्या विद्वत्तेआडची सत्ता अधिक ठळक दिसत होती.

३/ पिस्तूल आले लंडनहून. विनायक दामोदर सावरकरांनी इंडिया हाऊसमधील स्वयंपाकी चतुर्भुज अमीन याच्या पेटीच्या चोरकप्प्यातून २० ब्राउनिंग पिस्तुले व काडतुसे रवाना केली. १९०९ च्या मार्चमध्ये अमीन मुंबईस पोहोचला, तेव्हा बाबाराव आधीच अटकेत होते.

४/ त्यांच्या घरझडतीत बॉम्ब बनविण्याच्या कृतीची टंकलिखित प्रत सापडली होती. ही विद्या सेनापती बापट व हेमचंद्र दास यांनी पॅरिसमधील रशियन क्रांतिकारकांकडून मिळवली होती. म्हणजे लंडन-नाशिक मार्गाने दोन गोष्टी आल्या : कागदावरचे ज्ञान आणि तयार शस्त्र. तिसरी गोष्ट, म्हणजे शस्त्र चालवण्याचा सराव, कोणत्याही पेटीत मावणारी नव्हती.

५/ सरावाचे महत्त्व कळण्यासाठी यंत्र समजून घेतले पाहिजे. तोवर कमरेचे हत्यार म्हणजे प्रामुख्याने रिव्हॉल्व्हर. त्याच्या फिरत्या चक्रात गोळ्या असतात आणि सहसा अंगठ्याने चालवायची सेफ्टी नसते. अंगठ्याने घोडा मागे ओढावा किंवा नुसता चाप जोर लावून दाबावा, की बार उडतो. चाप जड असल्यामुळे तो चुकून दाबला जाण्याची भीती कमी. एरवी अंगठा मुठीभोवती खाली वळलेला राहिला तरी चालते.

६/ जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने ही रीत बदलली. बेल्जियममधील लिएजजवळच्या हेर्स्ताल येथे त्याच्या रचनेची पिस्तुले तयार होऊ लागली. ‘ब्राउनिंग’ हे नाव युरोपभर रूढ केले ते १९०० सालच्या मॉडेलने. त्याची गोळी ७.६५ मिलिमीटरची, मुठीतील मॅगझिनमध्ये सात गोळ्या. एक बार उडाला की वरची स्लाइड आपोआप मागे जाऊन रिकामे काडतूस बाहेर टाकी आणि पुढची गोळी नळीत भरी. सुमारे सात लाख नग तयार झालेले हे पिस्तूल कोटाच्या खिशात सहज मावत असे.

७/ पण त्याचा चाप हलका होता. नळीत गोळी भरलेले असे पिस्तूल खिशात बाळगणे धोक्याचे. म्हणून डाव्या बाजूस, मुठीच्या वरच्या अंगाला, एक छोटा खटका बसवलेला असे. त्याच्या दोन स्थितींपाशी ‘आग’ व ‘सुरक्षित’ या अर्थांचे फ्रेंच शब्द कोरलेले. खटका ‘सुरक्षित’वर असला, तर चाप कितीही दाबला तरी बार उडत नाही.

८/ येथेच पकडीचा प्रश्न उभा राहतो. रिव्हॉल्व्हरवर खाली वळणारा अंगठा आता वर, खटक्यापर्यंत पोहोचला पाहिजे. अंगठा आखूड असेल तर मूठ किंचित फिरवावी लागते, आणि मूठ फिरली की नेम ढळतो. अंगठा फार वर गेला तर स्लाइडला घासून तिची गती अडवू शकतो. हातच फार वर चढला, तर मागे येणारी स्लाइड त्वचा खरचटून काढते. डावखुऱ्याची पंचाईत तर वेगळीच : त्याचा अंगठा खटक्याच्या विरुद्ध बाजूस येतो.

९/ पुढे याच ब्राउनिंगने रचलेले पिस्तूल १९११ मध्ये अमेरिकन लष्कराने स्वीकारले. त्याच्यावर सराव करणारे अनेक नेमबाज आजही खटका खाली दाबल्यावर अंगठा त्याच्यावरच टेकवून ठेवतात, म्हणजे हादऱ्याने खटका पुन्हा वर सरकत नाही. ही पकड पाहताना सोपी वाटते. पण घाबरलेल्या क्षणी अंगठ्याने न सांगता आपली जागा घ्यावी, यासाठी ती क्रिया शेकडो वेळा केलेली असावी लागते.

१०/ आता १९०९ मधील तीन हात शेजारी ठेवून पाहावेत. पहिला मदनलाल धिंग्रांचा. १ जुलै रोजी लंडनमध्ये त्यांनी कर्झन वायलीला ठार केले. टॉटनहॅम कोर्ट रोडवरील नेमबाजीच्या गॅलरीच्या मालकाने न्यायालयात साक्ष दिली, की हा तरुण सुमारे तीन महिने तेथे येत होता. त्याच दिवशी सायंकाळी त्याने १८ फुटांवरून १२ गोळ्या झाडल्या आणि त्यांतल्या ११ लक्ष्यावर लागल्या. साम्राज्याच्या राजधानीत हा सराव पैसे मोजून उघडपणे करता येत होता.

११/ दुसरा हात कोरियाच्या आन जुंग-गन यांचा. २६ ऑक्टोबर रोजी हार्बिनच्या रेल्वेस्थानकावर त्यांनी जपानचे माजी पंतप्रधान इतो हिरोबुमी यांना मारले. हातात १९०० चे ब्राउनिंगच होते. आन लहानपणापासून बंदूक चालवण्यात तरबेज होते. ब्राउनिंगचा खटका त्यांच्यासाठी नवा असेल, पण चाप आणि नेम मुळीच नवे नव्हते.

१२/ तिसरा हात कान्हेरे यांचा, औरंगाबादेत शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचा. ब्रिटिश हद्दीत १८७८ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याविना पिस्तूल जवळ असणे हाच गुन्हा होता. त्यामुळे नाशकात सराव म्हणजे निर्जन जागा, बाराचा आवाज, आणखी एका साक्षीदाराची शक्यता आणि परदेशातून आलेल्या मोजक्या काडतुसांपैकी एक कमी. लंडनला जे तिकीट काढून मिळत होते, त्याची किंमत येथे गुप्ततेत मोजावी लागत होती.

१३/ या दृष्टीने पाहिले की नाट्यगृहाची निवड वेगळी दिसू लागते. गर्दीत जवळ जाता येते, आणि दोन-चार पावलांवरून अचूक नेमाची गरज उरत नाही. खटका वेळेवर उघडलेला असणे एवढेच महत्त्वाचे ठरते. कृष्णाजी गोपाळ कर्वे व विनायक नारायण देशपांडे हेही सशस्त्र होऊन आले होते. एकाचा हात चुकला तर दुसरा असावा, ही त्यामागची योजना. सरावाची उणीव अंतराने आणि संख्येने भरून काढायची होती.

१४/ उरलेला बेत मात्र साधला नाही. कान्हेरे यांना स्वतःचे जीवनही तेथेच संपवायचे होते. तोच लोकांनी झडप घालून त्यांना पकडले. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे व देशपांडे यांना फाशी झाली. चतुर्भुज अमीन माफीचा साक्षीदार झाला. पिस्तुलांचा माग लंडनपर्यंत पोहोचला आणि ३० जानेवारी १९११ रोजी सावरकरांना, जॅक्सन-वधास साहाय्य केल्याबद्दल, दुसरी जन्मठेप झाली.

१५/ क्रांतिकार्याच्या इतिहासात शस्त्रे कोठून आली, कोणी पाठवली, किती सापडली याचा हिशेब पोलिसांनी ठेवला, म्हणून तो आपल्याला मिळतो. ती हाताळायला कोण कोठे शिकले, याची नोंद शिकणाऱ्यांनीच मागे राहू दिली नाही; तसे करण्यातच त्यांची सुरक्षितता होती. विजयानंदमधील त्या रात्रीचा विचार करताना खिशातल्या ब्राउनिंगवर टेकलेला, खटका चाचपणारा अंगठाही डोळ्यांपुढे आणावा. अठरा वर्षांच्या मुलाचा तो अंगठा होता.

(धागा समाप्त)